दिवस कसला होता?

कुठलाही आकडा समोर ठेवला, की पंचांग सर तो किती आहे हे आधी बघतच नसत. कानामागची पेन्सिल काढायची, आकड्याखाली टेकवायची आणि मान वर न करता विचारायचं, "दिवस कसला होता?" तारीख नको असायची त्यांना, वारही नको. त्या दिवशी अमावास्या होती का, बाजार होता का, साखर कारखान्याचा हंगाम होता का, वीज गेली होती का, ते हवं असायचं. सांगताना माणूस अडखळला की पेन्सिल तिथं एक बारीक टिंब देऊन पुढे सरकायची. ते टिंब पडलं की भल्याभल्यांना परत मोजावं लागायचं. मलाही लागलं होतं.

पंचांग हे नाव आम्ही पोरांनीच ठेवलेलं. सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे आणि राहायचे बेळगावात, शहापूरच्या विणकरांच्या एका गल्लीत. खाली थोरल्या भावाचे, म्हणजे अण्णांचे दोन माग, वर सरांची खोली. खोलीत एक कॅलेंडर. त्याच्यावर कुठल्या देवाचं चित्र होतं ते मला सांगता यायचं नाही, कारण माझी नजर तिथवर कधी पोचलीच नाही. खालचा एकूण एक चौकोन सरांच्या किडमिड्या अक्षरानं भरलेला असायचा. संकेश्वरचा बाजार, निपाणीचा बाजार, बेळगुंदीकडची भातलावणी, माग बंद असण्याचे दिवस. शुभ-अशुभावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "मुहूर्त मला कळत नाही," म्हणायचे, "माणसं कुठल्या दिवशी काय करतात, तेवढं थोडं कळतं."

रविवारी सकाळी आसपासची संशोधन करणारी सगळी पोरं त्या खोलीत लोटायची. साड्यांच्या बाजारावर लिहिणारा एक, उसाच्या मुळांवरची कीड मोजणारी एक, पर्यटनावर प्रबंध लिहिणारा शिवा, आणि दम्याचं औषध श्वासातून कसं द्यावं यावर डोकं फोडणारी मी. एकाला दुसऱ्याच्या विषयातलं ओ की ठो कळत नसे. सरांनाही कळत नसे आणि ते तसं कबूल करायचे. "हिचं औषध मला कळत नाही, ह्याचे प्रवासी कळत नाहीत. मोजलं कसं, तेवढं सांगा." ते कुणाचेच अधिकृत मार्गदर्शक नव्हते. त्यांच्या स्वतःच्या नावामागे डॉक्टर नव्हतं. तरीसुद्धा प्रबंध बांधायला टाकण्याआधी शेवटच्या पानावर सरांनी पेन्सिलीनं 'पाहिलं' असं लिहिलं, म्हणजे आमच्या जिवात जीव यायचा.

एकदा शिवानं गुंजी स्टेशनावर उतरलेली माणसं मोजून आणली. रानात हिंडायला एवढे लोक येतात, तर तिथं राहायची सोय व्हायला पाहिजे, असं त्यानं चांगलं दोन पानं भरून लिहिलं होतं. सरांची पेन्सिल टेकली. "दिवस कसला होता?"

"शुक्रवार, सर."

"वार नाही विचारला."

शिवा आठवू लागला. "गर्दी जरा जास्त होती. बायकांच्या हातात नारळ होते."

"नारळ घेऊन रानात हिंडायला कोण जातं रे?"

खोलीत हशा पिकला. शिवा देवीच्या यात्रेची माणसं पर्यटक म्हणून मोजून आला होता. एकटे सर हसले नाहीत. उलट त्यांचाच चेहरा उतरला, शिवापेक्षा जास्त. मला ते चमत्कारिक वाटलं, पण विचारायचं धाडस झालं नाही.

खाली मागाचा खडखडाट चालू असायचा. मध्येच तो थांबला की सर बोलता बोलता थांबायचे. "अण्णाला काहीतरी दिसलं," म्हणायचे. चूक दिसली की हात थांबवायचा, विणलेलं उकलत मागे यायचं, हा त्यांच्या घरचा नियम. "पुढं विणत गेलं म्हणून चूक झाकत नाही, लांबते," हे त्यांच्या तोंडून आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की शिवा त्यांची नक्कल करून दाखवायचा. ऐकायला मला ते फार आवडायचं. स्वतःवर पाळी येईपर्यंत असलं सगळं आवडतंच.

मी निपाणीची. माझी आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. आमच्या बौद्ध वस्तीतल्या निम्म्या बायका तिथंच. तोंडाला पदर बांधून दिवसभर तंबाखू चाळायची आणि संध्याकाळी खोकत घरी यायचं. वखारीपासून घरापर्यंत आई तीनदा थांबायची. एकदा पिंपळापाशी, एकदा नळापाशी आणि एकदा उगाच. लहानपणी मला वाटायचं, मी मागे पडते म्हणून ती थांबते. बाबा लवकर गेले. त्या चाळणीवर मी शिकले, शिष्यवृत्ती मिळवून बेळगावला औषधशास्त्राला आले आणि संशोधनाला विषय घेतला तो आईच्या छातीतला.

औषध जुनंच होतं. ते इतकं बारीक करायचं, की नुसत्या श्वासाबरोबर घसा ओलांडून आत छातीत उतरलं पाहिजे. भुकटीची कॅप्सूल नळीत बसवायची, टोचायची आणि ओढायची. नळी मी उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून वळवून घेतली होती. दोन वर्षं माझी भुकटी घशातच चिकटत राहिली. आई म्हणायची, "तंबाखूची धूळ बरी न शिकता खाली उतरती गं. तुझ्या औषधालाच काय धाड भरलीया?"

एकोणऐंशी साली ती एकदाची उतरू लागली. निपाणीतल्या एका डॉक्टरांच्या देखरेखीखाली वखारीतल्या तीसेक बायकांना मी ते दिलं, आईसकट. औषधाच्या आधी आणि नंतर त्यांची फुंक मोजायची होती. त्यासाठी एक यंत्र असतं, त्यात जोरात फुंकलं की काटा पुढे सरकतो. छाती जितकी मोकळी तितका काटा पुढे. बायका त्याला पिपाणी म्हणायच्या. आधीची फुंक मी वखारीच्या दारात मोजली, संध्याकाळी त्या सुटल्यावर. पंधरा दिवसांनी परत गेले तर वैतागल्या. "आता घरला जाऊन चूल पेटवू का तुझी पिपाणी वाजवू? बाजारादिशी ये, निवांत फुकतो." मला त्यांचं म्हणणं पटलं. बाजारादिवशी विहाराच्या अंगणात सगळ्या ओळीनं बसल्या, एकेकीनं फुंकलं, आणि काटा असा काही पुढे गेला की मला तिथंच रडू आलं. आईचा काटा सगळ्यांत पुढे होता.

त्याच सुमारास कॉलेजात लेक्चररची एक जागा निघाली. मुलाखत महिन्यावर होती. तोवर प्रबंध सादर झाला तर जागा तुझीच, असं माझ्या मार्गदर्शकांनी खासगीत सांगितलं होतं. जागा मिळाली की पहिलं काम ठरलेलं होतं, आईची वखार बंद करायची. मी तिला तसं सांगून टाकलं होतं, आणि तिनं चाळणीवरच्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं. प्रबंध टंकून झाला. सरांचं 'पाहिलं' तेवढं राहिलं होतं.

त्या दिवशी खोलीत मी एकटीच होते. सरांनी तासभर वाचलं. टिंबं चार-दोनच पडली, तीही किरकोळ. मग फुंकीचा तक्ता आला. पेन्सिल पहिल्या रकान्याखाली टेकली.

"आधीची फुंक. दिवस कसला होता?"

"कामाचे दिवस, सर. वखार सुटल्यावर दारातच मोजली."

"बरं. नंतरची?"

मी तारीख सांगितली.

"तारीख नको."

सर उठले, कॅलेंडरपाशी गेले आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. मला ते बघायची गरज नव्हती.

"बाजार," मी म्हणाले.

"बाजारादिवशी वखार चालू असते?"

"नाही."

"मग तुझी आई त्या दिवशी काय करते?"

"लुगडी धुते. भाजी आणते. विहारात बसते."

"धूळ?"

सरांनी टिंब दिलंच नाही. पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. बाजारादिवशी आई कमी खोकते, हे वखारीतल्या बाईच्या पोटी जन्मलेल्या मला माहीत नव्हतं का? जन्मापासून माहीत होतं. म्हणूनच ते कधी मनात आलं नाही.

"थोडा काटा औषधानंही सरकला असेल की, सर."

"असेल. किती?"

ते मला सांगता येत नव्हतं. परत मोजायचं तर औषध थांबवायचं, पुन्हा चालू करायचं, कामाच्या दिवशी मोजायचं, बाजारादिवशी मोजायचं. म्हणजे तीन महिने. माझ्या हातात होते तीन आठवडे.

मार्गदर्शकांना सांगितलं तर ते म्हणाले, "सुमन, परीक्षक मद्रासचे आहेत. त्यांना निपाणीचा बाजार कुठून ठाऊक असणार? सादर कर, जागा घे आणि मग सावकाश मोजत बस." ते माझ्या भल्याचंच सांगत होते आणि मला ते ऐकायचंच होतं. तरी चार दिवस प्रबंध बांधायला टाकला नाही. पाचव्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी तरातरा शहापूरला गेले आणि सरांना नको ते बोलले. म्हणाले, "तुमचं काय जातं, सर? तुमच्या आईला नाही चाळणीवर बसावं लागत."

सर रागावले नाहीत. कोपऱ्यातली एक पत्र्याची पेटी त्यांनी पायानं जरा पुढे सरकवली.

"ह्यात माझा प्रबंध आहे, कधी सादर न केलेला. पर्यटनावरचा. एका धबधब्यापाशी देऊळ आहे, तिथं येणारी माणसं मी वर्षभर मोजली. विणकराचा पोरगा मी, कॉलेज सुटलं की मागावर. मोकळा दिवस एकच, अमावास्या. त्या दिवशी आमच्यात माग बंद. म्हणून दर अमावास्येला जाऊन मोजलं."

"आणि देवळात गर्दी अमावास्येलाच," मी म्हणाले.

"एरवी तिथं माकडं. ते मला नंतर कळलं. त्याआधी माझे आकडे बघून आमच्या काकांनी स्वतःचा माग विकला आणि तिथं खानावळ घातली. वर्षात परत आले. मग मरेपर्यंत दुसऱ्याच्या मागावर विणत बसले. मला एका शब्दानं बोलले नाहीत कधी."

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. "तू म्हणत असशील तर 'पाहिलं' लिहितो. तुझ्या आणि तुझ्या आईच्या मध्ये मी कोण येणार? तूच ठरव."

मी कागद गोळा केले आणि जिना उतरले. सरळ निपाणीची एसटी धरली. वाटभर ठरवत होते की सादर करायचा, करायचाच. घरी आई तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी परत फुकायचं व्हय? फुकू की."

"आणि वखार?"

"ऱ्हाईल की आणि थोडं दीस. खोटंच लिवून मला घरी बसिवनार हाईस व्हय?"

एवढं बोलून ती तांदूळ निवडू लागली. मला तिच्याकडे बघवेना.

तीन महिने परत मोजलं. कामाच्या दिवशी आणि बाजारादिवशी, औषधासह आणि औषधाविना. औषधानं काटा हलत होता, नाही असं नाही, पण अगदी थोडा. बाजाराच्या दिवशी मात्र औषध न घेतलेल्या बायकांचाही काटा पुढे जात होता. आईला मी तिचे दोन काटे दाखवले, वखारीच्या दारातला आणि विहाराच्या अंगणातला. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण काटा कुठवर गेला ते दिसत होतं. पिपाणी हातात धरून तिनं बराच वेळ बघितलं. "म्हंजी औषध न्हाय," ती म्हणाली, "रजा लागू पडली."

तोवर जागा गेली होती. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि त्यानंतर दोन वर्षं तशी जागा निघाली नाही. आई चाळणीवरच राहिली. घरी येताना ती आता चारदा थांबायची. चूक माझी, शोधली सरांनी, आणि शिक्षा भोगत होती ती. मी रविवारी शहापूरला जायचं सोडलं. नवी प्रकरणं शिवाच्या हाती पाठवायची, त्यावरची टिंबं शिवाच्या हातूनच परत यायची. खरं सांगते, त्या दोन वर्षांत सरांचं नाव निघालं तरी माझं डोकं उठायचं.

आणि एक दिवस सर निपाणीला आमच्या दारात उभे राहिले. कळवलं नव्हतं. बाजारादिवशी आले होते, आई घरी सापडणार म्हणून. आईनं सतरंजी टाकली, चहा दिला. सरांनी कप तसाच हातात धरला.

"आक्का, पोरीची नोकरी माझ्या प्रश्नामुळं गेली. नाहीतर तुमची वखार केव्हाच सुटली असती. तेवढं सांगायला आलो."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "मास्तर, माझी आई अशीच खोकत गेली. मला वाटायचं, आमच्या घरच्या छातीतच खोट हाय. पोरीलाबी लागंल म्हणून भ्या वाटायचं. आता कळलं, खोट धुळीत हाय. हे आजवर कुणी सांगितलं न्हवतं, डाक्टरनंबी न्हाय. दोन वर्सं गेली ती गेली. च्या गार हुतोय."

सरांनी चष्मा काढला आणि पुसतच बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांच्यावरचा माझा राग तिथंच गेला, आणि इतके दिवस तो बाळगल्याची मला लाज वाटली. पुढे कधीतरी आईकडून कळलं, की बायकांनी वखारीतल्या चाळण्या दाराच्या उजेडात, वाऱ्याला ओढून घेतल्या होत्या. मुकादम कुरकुरला, पण तीसजणींत एकही जागची हलली नाही.

माझा प्रबंध शेवटी धुळीवर झाला आणि औषध त्यात एका प्रकरणापुरतं उरलं. शेवटच्या पानावर लिहायला सरांनी त्या दिवशी पेन्सिल घेतली नाही. माझं पेन मागून घेतलं आणि शाईनं 'पाहिलं' लिहिलं. पुढच्याच वर्षी मला नोकरी लागली. नेमणुकीचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आई वखारीत गेली ती चाळणीवरच्या बायकांना पेढे वाटायला, आणि परत आली ती कायमची. वर्षभरात तिचं वाटेत थांबणं एकदावर आलं. तेही नळापाशी, बोलायला कुणी भेटलं तर. पिपाणी मी पिशवीतच ठेवायची आणि महिन्यातून एकदा तिला फुंकायला लावायची. काटा कधी मागे आला नाही.

सर गेले ते शहाऐंशी साली, अचानक, कॉलेजातून घरी आल्यावर. निरोप आला तेव्हा आई माझ्याकडे बेळगावातच होती. मी एकटी निघाले तर तिनं चप्पल घातली. शहापूरची ती गल्ली एवढीशी, पण आई चारदा थांबली. चौथ्यांदा तर भिंतीला हात लावून उभी राहिली. जुनं दुखणं परत आलं की काय, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. गल्लीतले सगळे माग बंद होते. इतकी शांत ती गल्ली मी कधी ऐकली नव्हती.

वरच्या खोलीत कॅलेंडर तसंच होतं. पुढच्या महिन्याचेही बाजार लिहून झालेले. अण्णा त्याच्याकडे पाठ करून बसले होते. आईनं सरांच्या पायांवर डोकं टेकवलं आणि बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. श्वास वर-खाली होत होता, घशात घरघर वाजत होती. मला राहवलं नाही. पिशवीतून पिपाणी काढली, काटा शून्यावर आणला आणि तिच्या तोंडाशी नेली.

तिनं माझा हात हळूच बाजूला सारला.

"आज नगं मोजूस गं," ती म्हणाली. "आज दिस कसला हाय?"